मांडवाला पैसे मिळतात, तालमीला का नाही? सोलापुरात कला आणि नागरी संवादाला निधी देणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहरात कला-उपक्रमांना आणि नागरी संवादाला पैसा, जागा आणि मान्यता देणारे न्यास, कंपन्यांचे सामाजिक दायित्व विभाग आणि सभागृहांची व्यवस्थापनं

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या अर्जाच्या नमुन्यात तुमच्यापैकी अनेकांनी चार अटी घातल्या आहेत. उपक्रम एका दिवसाचा असावा. त्याला किमान पाचशे प्रेक्षकांची नोंद असावी. मानधन, समन्वय आणि प्रवास यांचा खर्च एकूण रकमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. प्रयोगानंतर प्रेक्षकांशी चर्चा होणार असेल तर तिचे मुद्दे आधी लेखी मंजूर करून घ्यावेत. एकेक अट सुटी वाचली तर कारकुनी वाटते. चारही एकत्र लागू झाल्या की गल्लीत, वस्तीत, कारखान्याच्या दारात कलेतून चालणारं सगळं काम निधीबाहेर जातं. हे आम्हाला मान्य नाही. पत्र तुम्हाला लिहिलंय, पण उघडं लिहिलंय, कारण हा पैसा सोलापूरच्या नावाने खर्च होतो आणि तो कशावर खर्च होतो हे सोलापूरकरांना कळायला हवं.

आम्ही पथनाट्य, शाहिरी, भारूड, हलगी-लेझीम आणि वाचनकट्टे यांतून काम करणारी मंडळी आहोत. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी-उर्दू या चार भाषांत आमचं काम चालतं. अटी अशाच राहिल्या तर येत्या हंगामात आमची पथकं उभी राहणार नाहीत. हलगीवाला वरातीची सुपारी घेईल. त्याला घर चालवायचंय, त्याचं चुकलं असं कुणी म्हणू नये. दुभाष्याचं काम शिकलेली मुलगी दुकानात नोकरी धरेल. वस्तीतल्या बाया एकत्र बसून बोलायला लागायला दोन वर्षं जातात. ती सवय मोडायला एक रिकामा हंगाम पुरतो.

या शहराला असं बोलणं नवं नाही. लावणी-पोवाड्यांचे शाहीर राम जोशी इथलेच, अमर शेख शेजारच्या बार्शीचे. १९३० साली इथे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. ही चार नावं चार वेगवेगळ्या समाजांतली आहेत. दर जानेवारीला त्यांच्या पुतळ्यांना हार घातले जातात आणि त्या कार्यक्रमांना तुम्हीही मदत करता. पूर्व भागातल्या तेलुगू घरातल्या बाईला नई जिंदगी या वस्तीतल्या दखनी बोलणाऱ्या बाईशी पाण्याबद्दल, कचऱ्याबद्दल, पोराच्या शाळेबद्दल बोलता यावं यासाठी जे काम चालतं, तेही याच परंपरेत बसतं, असं आम्ही मानतो.

तुमच्या अर्जात या कामासाठी रकाना नाही, म्हणून ते कसं चालतं हे आधी सांगतो.

एका वस्तीतला एक विषय म्हणजे साधारण बारा आठवडे. विषय पाण्याचा धरू: नळ किती दिवसांआड येतो, कोणत्या गल्लीला दाब मिळत नाही, मोटार कोण लावतं. पहिले तीन आठवडे फक्त ऐकायचं. दोघंदोघं घरोघरी जातात. त्यात एक बाई हवी आणि दोघांपैकी एकाला त्या घरची बोली यायला हवी. विडी वळणाऱ्या बाया तयार विड्या कारखान्यात द्यायला गेलेल्या असताना गेलात तर दारं बंद मिळतात. त्या परत आल्या, सूप मांडीवर घेऊन वळायला बसल्या, की हात कामात आणि तोंड मोकळं असतं. खरं बोलणं तेव्हाच होतं. यंत्रमागावर माग चालू असताना शेजारच्याचंही ऐकू येत नाही, म्हणून तिथे पाळी सुटायची वेळ गाठावी लागते. तीन आठवड्यांत चाळीस-पन्नास घरं होतात. लोक बोलले ती वाक्यं त्याच भाषेत, जशीच्या तशी वहीत उतरवतो. नाटकाचे संवाद त्याच वाक्यांतून होतात. पुण्या-मुंबईहून लिहून आणलेली संहिता इथे पडते ती याचमुळे: तिच्यात पाणी असतं, पण रात्री दोनला उठून घागरी लावणारी बाई नसते.

पुढचे चार आठवडे तालीम. वस्तीतले पाच-सहा आणि पथकातले चार, म्हणजे नऊ-दहा जण. आठवड्याला तीन तालमी, प्रत्येकी दोन तासांच्या, रात्री साडेसातनंतर. एकूण बारा. खोली किमान वीस बाय पंचवीस फुटांची हवी, मधे खांब नको, पंखा चालता हवा आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह हवं. हे शेवटचं नसेल तर मुली दोन तालमींना येतात, तिसरीला येत नाहीत आणि कारणही सांगत नाहीत. खोली वस्तीपासून दहा मिनिटांच्या चालीवर असली पाहिजे. लांब असली की साडेनऊला मुलींना घरी सोडायला रिक्षा लागते. तुमच्या हिशेबात ती रिक्षा ‘प्रवास’ या सदराखाली जाते आणि पाच टक्के तिथेच संपतात.

नाटुकलं वीस-पंचवीस मिनिटांचं असतं आणि मुद्दाम अपुरं ठेवलेलं असतं. जिथे पात्र अडतं तिथे खेळ थांबतो. सूत्रधार विचारतो, ‘तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?’ प्रेक्षकांतून कुणीतरी उठतं, पदर खोचतं आणि पात्राच्या जागी उभं राहून प्रसंग पुढे नेतं. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात या पद्धतीला रूप दिलं. बंगालमधली जन संस्कृती ही संस्था १९८५ पासून खेड्यांत ती वापरते आहे. आपल्याकडे तमाशातल्या बतावणीत आणि भारुडात समोरच्याला बोलतं करायची रीत आधीपासूनच होती, म्हणून ती इथे चटकन रुजते.

माइकशिवाय बोललेलं, लोक दाटीने गोल बसले तर, सव्वाशे-दीडशे जणांपर्यंत नीट पोचतं. आम्ही प्रेक्षक तेवढेच ठेवतो. त्यापुढे ध्वनिक्षेपक आणावा लागतो. मग परवाना, जनरेटर आणि भाडं आलं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंदच करावा लागतो. आम्हाला माइक नको असण्याचं मोठं कारण मात्र वेगळं आहे. माइक आला की तो ज्याच्या हातात जातो त्याच्याच हातात राहतो आणि बहुतेकदा तो गल्लीतला कार्यकर्ता असतो.

खेळ संपला की गोल बसतात. हा या कामाचा गाभा आहे आणि सर्वांत जास्त माणसंही इथेच लागतात. एका गोलात बारा ते पंधरा माणसं, एक सूत्रधार, एक लिहिणारा. सव्वाशे लोक थांबले तर आठ-नऊ गोल होतात, म्हणजे सोळा-अठरा तयार माणसं. सूत्रधार त्याच गल्लीचा नसावा, शेजारच्या वस्तीतला असावा; त्याच गल्लीचा असला की जुनी भांडणं मधे येतात. पहिला प्रश्न ‘उपाय काय?’ असा कधीच नसतो. उपाय विचारला की ज्याला बोलायची सवय आहे तोच बोलतो. ‘तुमच्याकडे हे कुठं अडतं?’ असं विचारलं की प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असतं. पहिल्या तीन बोलणाऱ्यांत दोन बाया असल्या तर पुढे बाया बोलत राहतात. पहिले तिघे पुरुष बोलले की बाया ऐकायला बसतात.

भाषेचं गणित वेगळं करावं लागतं. प्रत्येक वाक्याचं भाषांतर केलं तर चाळीस मिनिटांचं बोलणं ऐंशी मिनिटांवर जातं आणि तोवर निम्मा गोल उठतो. म्हणून दुभाषी मागे बसून दोघा-तिघांच्या कानाशी हळू आवाजात सांगत जातो. वीस-तीस मिनिटांनंतर दुभाष्याचे शब्द गळायला लागतात, तेव्हा दुसरा बसवावा लागतो. म्हणजे एका भाषेला दोन माणसं. पत्रक छापून हे भागत नाही. इथल्या तेलुगूत मराठी-कन्नड शब्द मिसळलेले आहेत, दखनीचा लहेजा पुस्तकी उर्दूचा नाही, आणि घरात तेलुगू बोलणाऱ्या अनेकांना तेलुगू लिपी वाचता येत नाही. हैदराबादहून शुद्ध भाषांतर करून आणलेलं पत्रक घरातल्या म्हातारीला वाचून दाखवलं तरी तिला ते परकं वाटतं.

प्रत्येक गोलातून दोन प्रश्न निवडतात. ते एका वहीत जातात: प्रश्न, कोणत्या भाषेत विचारला, कोणाकडे पाठवला, पाठवल्याची तारीख, उत्तराची तारीख. पंधरा दिवसांनी तेच पथक त्याच जागी परत जातं आणि काय झालं ते सांगतं. काहीच झालं नसेल तर तेही सांगतं. पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा एकदा. या दोन फेऱ्या झाल्या नाहीत तर पुढच्या वर्षी त्या वस्तीत कुणी बसायला येत नाही. ‘आलात, नाचलात, गेलात’ असं तोंडावर ऐकवतात.

आता तुमच्या अटींबद्दल.

पाचशे प्रेक्षकांची अट. पाचशे माणसं बोलत नाहीत, रांगेत बसून ऐकतात. आकडा भरायला महाविद्यालयांतून मुलं आणावी लागतात, हजेरी लागली की ती मागच्या दाराने जातात. विषय ज्यांचा आहे त्या बाया पूर्व भागातून शहराच्या मध्यावर येत नाहीत, कारण जायचं-यायचं रिक्षाभाडं आणि बुडालेल्या विड्यांची मजुरी मिळून त्यांना ती संध्याकाळ महागात पडते. मोठा मंच झाला की पाहुणे आले, दीपप्रज्वलन आलं, सत्कार आले. तासभर त्यातच जातो. मंचावर अधिकारी किंवा पुढारी बसला की समोरचे प्रश्न विचारत नाहीत, अर्ज देतात. हा लोकांचा दोष नाही. मांडणीच तशी असते: तो वर, हे खाली. सव्वाशेच्या चार बैठकांत तीन-साडेतीनशे माणसं प्रत्यक्ष बोलतात. पाचशेच्या एका सभेत किती बोलली हे तुमच्याच मागच्या अहवालांच्या चित्रफितींत मोजता येईल. एकदा मोजून पाहा, ही आमची कळकळीची विनंती आहे.

पाच टक्क्यांची अट. इथे थोडं थांबावं लागेल, कारण आमच्या मते तुमच्यापैकी काहींनी कायदा चुकीचा वाचला आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ आणि त्याखालचे नियम यांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, तीही त्या वर्षाच्या एकूण सामाजिक दायित्व खर्चाच्या तुलनेत. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येत येत नाही, असं नियमच म्हणतो. आमच्या कामात सूत्रधार, दुभाषी, लिहिणारा, हलगीवाला हे ‘प्रशासन’ नव्हेत. काम म्हणजे तीच माणसं. शाळेच्या प्रकल्पात शिक्षकाचा पगार कुणी वरखर्चात धरत नाही. हा निधी कशावर खर्च करता येतो त्याची यादी कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे; तिच्यात कला आणि संस्कृती स्पष्ट आहे, पारंपरिक कलाही आहे. मग मंडपाचं भाडं प्रकल्पखर्च आणि शाहिराचं मानधन वरखर्च, ही विभागणी कुठून आली?

एका दिवसाची अट. त्याच कायद्यात ‘चालू प्रकल्प’ ही तरतूद आहे. सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं असा प्रकल्प चालवता येतो. म्हणजे बारा आठवड्यांचं कामच काय, तीन वर्षांचं कामही कायद्यात बसतं. एका दिवसाची अट तुम्ही स्वतः घातलेली आहे आणि तुम्हीच ती काढू शकता. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९३ साली स्थापन झाली. संशोधन, कलाव्यवहार आणि कलाशिक्षण यांसाठी ती अनुदान देत आली आहे. देशात हे होऊ शकतं, इथेही होऊ शकेल.

या अटीतून आणखी एक दुखणं निघतं. पैसे जानेवारीच्या शेवटी मंजूर होतात आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. आमच्या शहराचं वर्ष तसं चालत नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, तिच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकांत आणि अक्षता सोहळ्यात अर्धं शहर असतं. मार्चमध्ये परीक्षा असतात, ऊन चाळिशीकडे जात असतं आणि अलीकडच्या वर्षांत रमजानही त्याच सुमारास येतो आहे, म्हणजे संध्याकाळची वेळ आमच्या निम्म्या वस्त्यांत मिळतच नाही. नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाच्या आधीचे दिवस आणि गणपतीत लेझीमचा सराव चालू असतो ते दिवसही टाळावे लागतात. बैठकीचा दिवस तर त्याहून बारकाईने ठरतो: ज्या दिवशी त्या गल्लीची पाण्याची पाळी, त्या दिवशी बैठक ठेवायची नाही. ठेवली तर एकही बाई येत नाही. हे वेळापत्रक जूनमध्ये बसून करावं लागतं. मार्चच्या घाईत फक्त मांडव उभा राहतो.

चर्चेचे मुद्दे आधी मंजूर करून घ्यायची अट. ही आम्ही पाळू शकत नाही. लोक काय विचारतील हे आम्हालाही आधी माहीत नसतं. माहीत असतं तर गोल बसवायची गरजच नव्हती. विषय, जागा, कालावधी आणि सूत्रधारांची नावं आम्ही आधी देऊ. कायद्याने लागणाऱ्या परवानग्या आम्ही काढतो आणि यापुढेही काढू. कोणत्याही पक्षासाठी मत मागितलं जाणार नाही, कोणत्याही धर्माची वा जातीची निंदा होणार नाही, हे लिहून देऊ. राजकीय पक्षाला देणगी हा सामाजिक दायित्वाचा खर्च धरला जात नाही, हे बरोबरच आहे. पण नळाला पाणी का येत नाही असं विचारणं ही कुठल्या पक्षाला दिलेली देणगी नव्हे. ही भीती मनातून काढून टाका.

हप्ते आणि कागद. काम झाल्यावर बिलं दाखवा, मग पैसे, या पद्धतीत लहान पथकं बचत गटाकडून किंवा व्याजाने पैसे उचलतात आणि चार-सहा महिने व्याज भरतात. ते व्याज कोणत्याच हिशेबात दाखवता येत नाही. तीन दरपत्रकांची अट खुर्च्यांना ठीक आहे. हलगीवाल्याची तीन दरपत्रकं कुठून आणायची? त्याच्याकडे जीएसटी क्रमांक मागितला जातो. लोककलेचं किंवा शास्त्रीय कलेचं सादरीकरण करणाऱ्या कलाकाराचं मानधन एका प्रयोगाला दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर २०१७ पासूनच त्यावर जीएसटी नाही. मानधनाची सही केलेली पावती, पाच हजारांच्या वर असेल तर त्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट, आणि शक्य तिथे बँकेतून रक्कम, एवढं पुरेसं आहे. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख द्यायची नाही हे आम्ही पाळतो.

नोंदणीचंही तसंच. सामाजिक दायित्वाचा निधी घ्यायला संस्थेला सीएसआर-१ हा नोंदणी क्रमांक लागतो, त्याआधी प्राप्तिकराच्या नोंदण्या आणि तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो. भजनी मंडळ किंवा सहा मुलींचं पथक हे कधीच करू शकणार नाही आणि त्यांनी करायची गरजही नाही. एका नोंदणीकृत संस्थेने छत्र धरावं, तिच्या खात्यातून पाच-सहा पथकांच्या कलाकारांना थेट मानधन जावं, हिशेब एकाच सनदी लेखापालाने तपासावा. तुमच्यापैकी काही जण ‘निधी पुढे देता येत नाही’ म्हणून हे नाकारतात. २०२० साली आलेली ती बंदी परदेशी देणगीच्या कायद्यातली आहे, आणि इथे तर दुसऱ्या संस्थेला निधी द्यायचाच नाही. प्रकल्पातल्या कलाकाराचं मानधन द्यायचंय.

फोटो आणि सह्या. प्रत्येक उपस्थिताचा फोन क्रमांक, सही आणि जागेची नोंद असलेला फोटो मागू नका. गोलात सह्यांचा कागद फिरायला लागला की बोलणं थांबतं. नवऱ्याला, मालकाला, भाऊबंदांना हा कागद दिसेल का, हा विचार बायांच्या मनात येतो आणि तो योग्यच आहे. डोकी मोजा, गोल मोजा. चेहरे टिपू नका.

सभागृहांच्या व्यवस्थापनांनाही थोडं सांगायचंय. तीन-साडेतीन तासांचं सत्र देता, पण दिवे लावायला, नेपथ्य उभारायला आणि आवाज तपासायला त्यातलेच दोन तास जातात. दिवे आणि माइक भाड्यात धरलेले असतात, प्रत्यक्षात निम्मे चालत नाहीत, म्हणून बाहेरून आणावे लागतात आणि खर्च दोनदा होतो. चालू-बंद दिव्यांची यादी आरक्षणाच्या वेळी हातात मिळाली तरी निम्मा त्रास वाचेल. चाकाच्या खुर्चीला मंचापर्यंत उतार हवा. ठरलेली तारीख दुसऱ्या मोठ्या कार्यक्रमासाठी दोन दिवस आधी काढून घेऊ नये. आणि रिकामी पडून असणारी मागची दालनं तालमीला द्यावीत. सांस्कृतिक बाबींना चालना देणं हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत लिहिलेलं आहे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या जागांवर लोकांचा तेवढा हक्क आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

एक दिवस आणि पाचशे प्रेक्षक या दोन्ही अटी काढून टाका. त्याजागी एका विषयाला बारा आठवडे, किमान चार बैठका आणि दोन पाठपुरावा फेऱ्या असा नमुना स्वीकारा, आणि चांगल्या चाललेल्या कामाला तीन वर्षांची मंजुरी द्या.

माणसांवरचा खर्च प्रकल्पखर्च धरा. आमचा प्रस्ताव असा: शंभर रुपयांतले पंचावन्न मानधन, समन्वय आणि दुभाष्यांना, वीस तालमीची जागा आणि प्रवासाला, दहा सादरीकरणाच्या साहित्याला, दहा पाठपुराव्याला, पाच हिशेब तपासणीला. फलक, मोठे मंडप, ड्रोनचं चित्रीकरण यांसाठी यात पैसे नाहीत आणि ते आम्हाला नकोत.

मंजुरी जूनअखेर द्या. सत्तर टक्के रक्कम आगाऊ, वीस टक्के पहिल्या पाठपुराव्यानंतर, दहा टक्के विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, मिळाल्यावर तीस दिवसांत.

चर्चेची पूर्वमंजुरी रद्द करा.

छत्र-संस्थेची पद्धत लेखी मान्य करा.

अहवालात प्रेक्षकसंख्येऐवजी पाच गोष्टी विचारा: किती गोल बसले, किती जण बोलले आणि त्यांत बाया किती, कोणकोणत्या भाषांत बोलले, दुसऱ्या बैठकीला पहिल्यातले किती परत आले, आणि नोंदवलेल्या प्रश्नांपैकी किती प्रश्नांना उत्तर मिळालं. मिळालं असं लिहितोय, मनासारखं मिळालं असं नाही. शेवटचा आकडा बऱ्याचदा लहान असेल. तो लहान आहे म्हणून पुढचा हप्ता अडवू नका, कारण उत्तर देणं आमच्या हातात नाही. प्रश्न नीट मांडून योग्य टेबलावर पोचवणं आणि विचारत राहणं आमच्या हातात आहे.

पुढचा अर्जाचा नमुना छापण्याआधी आमच्याबरोबर एक बैठक घ्या. दोन तास पुरतील. तुमच्याकडून निर्णय घेऊ शकणारी माणसं यावीत, फक्त नोंद घेणारी नकोत. जागा आम्ही ठरवू, सतरंज्या आणि चहा आमचा. तेलुगू, कन्नड आणि दखनीसाठी दोन-दोन दुभाषी आम्ही आणू. मंच नसेल, सगळे एकाच गोलात बसू. तारीख तुम्ही सुचवा. त्या वस्तीची पाण्याची पाळी पाहून आम्ही दोन दिवसांत कळवू.

कळावे,
सोलापुरातील पथनाट्य, शाहिरी, भारूड, लेझीम आणि वाचनकट्ट्यांचे कार्यकर्ते, सूत्रधार आणि दुभाषी